गावाच्या नावाची नोट



बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँकांचा नोटा काढण्याचा अधिकार १८६१च्या कायद्याने सरकारने आपल्याकडे घेतला. त्यामुळे सातारा किंवा नगरमधल्या बँकेची नोट आपल्याला शोधूनही मिळायची नाही. अमेरिकेत मात्र १८६३ पासून १९३५ पर्यंत हजारो बँकांच्या नावाने नोटा निघाल्या. मला वेड आहे ते त्यांतल्या खेड्यापाड्यांच्या नोटांचं.

बँकेने सरकारी रोखे तारण ठेवायचे, मग तिच्या नावाच्या नोटांचे ताव छापून यायचे. त्यावर बँकेचा अध्यक्ष आणि कॅशियर सह्या करत आणि ताव कापून नोटा सुट्या करत. बँक बुडाली तरी नोट बुडत नसे, कारण रोखे सरकारच्या ताब्यात असत. म्हणून आडगावच्या बँकेची नोटही परमुलखात चाले. १९०० साली तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावांत बँकेसाठी लागणारं भांडवल पन्नास हजार डॉलरवरून पंचवीस हजारांवर आलं, आणि आयोवा, कॅन्सससारख्या राज्यांतली कितीतरी लहान गावं नोटेवर झळकली.

संग्राहकाने इथेच थांबून नीट पाहावं. न्यूयॉर्कच्या बड्या बँकेची कोरी करकरीत नोट सहज मिळते. एखाद्या खेड्याची चुरगळलेली, कडा झिजलेली नोट तिच्या कितीतरी पट किंमत घेऊन जाते. मुळात त्या नोटा निघाल्याच थोड्या, आणि परत आलेल्या सरकारने नष्ट केल्या. काही बँकांची तर एकही नोट आज कुणाकडे असल्याचं माहीत नाही. जॉन हिकमन या अभ्यासकाने शिल्लक नोटांची एकेक करून नोंद ठेवली. आम्ही सगळे त्यांचे ऋणी आहोत.

१९२९ पासून नोटा आकाराने लहान झाल्या, सह्याही छापील आल्या. मला जुन्या, शाईच्या सह्यांच्या नोटा प्रिय आहेत. त्यांतल्या काहींवर अध्यक्ष म्हणून बाईची सही आहे, तीही देशभरातल्या स्त्रियांना मताधिकार मिळण्याआधीची! अशी नोट हाती आली की मी त्या गावाचा नकाशा काढून बसतो.

नव्याने छंद लागलेल्यांना एक कळकळीची विनंती. मळकी नोट धुऊ नका, तिला इस्त्री करू नका आणि फाटली असेल तर चिकटपट्टी लावू नका. शाई एकदा गेली की त्या कॅशियरचं नाव कायमचं गेलं.