एकाच नदीकाठची दोन राज्ये



मिसिसिपी ही उत्तर अमेरिकेतील महानदी होय. मिनेसोटा राज्यातील इटास्का सरोवरातून ती लहानशा ओढ्याच्या रूपाने बाहेर पडते आणि सुमारे ३,७०० किलोमीटरांचा प्रवास करून दक्षिणेस समुद्राला मिळते. उगमापाशी मिनेसोटा, तर खाली दक्षिणेत पूर्वतीरावर तिचेच नाव धारण करणारे मिसिसिपी राज्य. दोन्ही राज्यांची नदी एक, चलन एक आणि ध्वजही एक. तथापि या दोन राज्यांत जन्मास येणाऱ्या बालकांच्या वाट्याला सारखे जीवन येत नाही. असे का व्हावे, हा विचार उद्बोधक आहे.

प्रथम आकडे पाहू. २०२० च्या जनगणनेनुसार मिनेसोटाची लोकसंख्या सुमारे ५७ लाख व मिसिसिपीची सुमारे ३० लाख होती. त्याच वर्षी सरासरी आयुर्मान मिनेसोटात सुमारे ७९ वर्षे, तर मिसिसिपीत सुमारे ७२ वर्षे होते. २०२२ साली जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी मिसिसिपीत नऊ बालके वर्षाच्या आत दगावली. मिनेसोटात हे प्रमाण पाचाहून कमी होते. दारिद्र्यात राहणारी माणसे मिसिसिपीत शेकडा १९ च्या आसपास, तर मिनेसोटात त्याच्या निम्मी. मिसिसिपीत घरे व जिन्नस स्वस्त आहेत हे खरे. परंतु उत्पन्नातील तफावत त्याहून मोठी असल्याने ही स्वस्ताई पुरी पडत नाही.

हा निसर्गाचा पक्षपात म्हणावा, तर तसेही नाही. मिनेसोटातील हिवाळा इतका कडक की सरोवरे गोठून जातात. उलट मिसिसिपीतील नदीकाठची गाळाची जमीन अत्यंत सुपीक. परंतु याच जमिनीवरील कापूस गुलामांच्या श्रमावर पिकला. १८६० साली त्या राज्यातील निम्म्याहून अधिक माणसे गुलामगिरीत होती. गुलामगिरी संपली, पण अर्धेलीच्या शेतीने कुळांना कर्जात जखडून ठेवले. शिक्षणाची उपेक्षाही दीर्घकाळ चालली. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करणारे मिसिसिपी हे १९१८ साली तत्कालीन राज्यांपैकी अखेरचे राज्य ठरले. पुढे १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद अवैध ठरविला, तेव्हा १९५६ मध्ये राज्याने तो कायदाच रद्द केला! गव्हर्नर विल्यम विंटर यांच्या कारकीर्दीत, १९८२ साली, सक्ती पुन्हा आली आणि तिच्या जोडीला सरकारी बालवर्गही आले.

मिनेसोटाने निराळा मार्ग धरला. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मिळकतकरातून येतो; साहजिकच श्रीमंत गावाची शाळा संपन्न व गरीब गावाची दरिद्री राहते. १९७१ साली मिनेसोटाने या खर्चाचा मोठा वाटा राज्याच्या तिजोरीवर घेतला. आरोग्याच्या बाबतीतही तोच भेद दिसतो. २०१० च्या केंद्रीय कायद्याने गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेचा विस्तार करण्याची तरतूद केली आणि २०१२ च्या न्यायनिर्णयाने तो राज्यांच्या मर्जीवर सोपविला. मिनेसोटाने तो स्वीकारला. मिसिसिपीने २०२५ पर्यंत स्वीकारला नव्हता. त्याच वर्षी अर्भकमृत्यू वाढल्याने मिसिसिपीच्या आरोग्य खात्यास आणीबाणी जाहीर करावी लागली.

मात्र यावरून एक राज्य आदर्श व दुसरे टाकाऊ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. २०१३ साली मिसिसिपीने कायदा केला, की तिसरीच्या मुलास वाचता आलेच पाहिजे. न आल्यास त्यास वरच्या वर्गात ढकलू नये. केवळ सक्ती करून राज्य थांबले नाही. शिक्षकांना अक्षरध्वनींच्या पद्धतशीर अध्यापनाचे प्रशिक्षण दिले, मागासलेल्या शाळांत मार्गदर्शक पाठविले आणि मुलांची चाचणी वेळेवर घेतली. चौथीच्या वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीत २०१३ साली तळाशी असलेले हे राज्य २०२४ मध्ये राष्ट्रीय सरासरीच्या वर गेले, आणि मिनेसोटाच्याही पुढे. मिनेसोटाने स्वतःचा वाचनविषयक कायदा केला तो २०२३ साली.

शिवाय सरासरीचा आकडा पुष्कळ काही झाकतो. मिनेसोटात गोऱ्या व कृष्णवर्णीय कुटुंबांच्या उत्पन्नात व घरांच्या मालकीत मोठी दरी आहे. २०२० साली मिनिआपोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्या संपन्न राज्याची ही दुसरी बाजू जगासमोर आली.

भारतातही सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे. म्हणून या तुलनेतील बोध दूरचा नाही. पूर्वजांनी ठेवलेले दारिद्र्य एका वर्षात फिटत नाही. परंतु तिसरीतील मूल वाचते की नाही, हे पाहण्यास श्रीमंत राज्याची वाट पाहावी लागत नाही. शिक्षकाने ते वर्गात पाहावे, अधिकाऱ्याने शाळेत जाऊन तपासावे आणि ग्रामस्थांनी सभेत विचारावे. राज्याचे जीवनमान अशा लहान कामांतील सातत्यानेच उंचावत असते.