जुने नाणे उजळावे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या सतरंजीवर बसून इतरांची भाषणे ऐकत असते. यंदा चिटणीसबाईंनी मला न विचारता माझे नाव कार्यक्रमात घालून टाकले. बोलू कशावर, असे विचारले तर म्हणाल्या, "तुमच्या घरी त्या नाण्यावरून मायलेकांचे जे चालले आहे, त्यावरच बोला." मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. नाण्यांचे शास्त्र मला कोठून येणार? पण घासण्या-उजळण्याचे शास्त्र मात्र आपणा सर्वांनाच येते, आणि माझी चूक झाली तीही त्याच शास्त्रात झाली. म्हणून चार शब्द बोलते. काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर जळगावकडचे आणि सासर धुळ्याचे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या देव्हाऱ्यात एक पितळेची डबी होती. तिच्यात दोन तांब्याच्या शिवराया, तीन राणीछाप रुपये आणि उर्दूसारखी अक्षरे असलेला एक जाड, वाकडातिकडा चांदीचा रुपया होता. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, ती डबी उघडायची. नाण्यांना हळदकुंकू लागायचे, आणि भाऊबीज झाली की डबी पुन्हा बंद व्हायची.

पहिल्या दिवाळीला घरातली सगळी भांडी मी घासून लखलखीत केली. नव्या सुनेची हौस ती! भांड्यांबरोबर डबीही घासली आणि डबीतली एक शिवराईही. चिंच, मीठ, वर चुलीची राख आणि काथ्या. काळपट तांबडी शिवराई नव्या तांब्यासारखी गुलाबी झाली. मला वाटले, आता सासूबाई शाबासकी देतील.

सासूबाईंना तेव्हा डोळ्यांनी नीट दिसत नसे. त्यांनी शिवराई हातात घेतली आणि तिच्यावरून अंगठा फिरवू लागल्या. पुष्कळ वेळ फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "माले आते श्री सापडत नही वं." रागावल्या नाहीत. पण त्या नाण्यावरचा 'श्री' त्या लहानपणापासून बोटाने ओळखत आल्या होत्या, आणि मी तो एका सकाळीत घासून काढला होता. त्यांच्या आईने तो त्यांना दिला होता, हे मला मागाहून कळले. त्या आता नाहीत. ती गुलाबी शिवराई पुन्हा काळपट झाली आहे, पण 'श्री' काही परत आलेला नाही.

भगिनींनो, यात माझी समजूत कोठे चुकली ते मला कळायला वीस वर्षे लागली. आपण धरून चालतो की काळे ते सगळे मळ. तव्याचे, कढईचे ते खरे असेल. नाण्याचे तसे नाही. चांदी काळी पडते ती हवेतले गंधक तिला लागून. आपल्या पायांतले पैंजण काळे पडतात ते असेच. तांबे तपकिरी होते तो त्याच्याच पृष्ठभागाचा हवेशी मिळून बनलेला पातळ थर असतो. म्हणजे तो थर वरून येऊन बसलेला नसतो, नाण्याच्याच अंगाचा झालेला असतो. तो खरवडला की नाण्याचे अंगच खरवडले जाते. आणि तो घट्ट, गुळगुळीत थर एकदा जमला की आतल्या धातूचे रक्षणही करतो.

चिंचेचे गुण तर आपल्याला माहीतच आहेत. कल्हई गेलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते. का? तर आंबटाने धातू सुटतो आणि ताकात उतरतो. मग चिंच, लिंबू, आमसूल लावल्यावर जे मळकट पाणी गळते, त्यात नाण्याचे तांबेही गळतच असणार! घागरीचे थोडे तांबे गेले तर काय बिघडले? घागर जाड असते. पण नाण्यावरचे अक्षर केसाएवढे उंच असते.

आणि त्या केसाएवढ्या अक्षरातच नाण्याची सगळी ओळख असते. आता शिवराईचेच पाहा. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. 1674 साली महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हापासूनची ही मुद्रा. पण पुढे पेशवाईतही आणि इंग्रजी अंमलाच्या आरंभीही शिवराया पाडल्या जात होत्या. मग कोणती जुनी आणि कोणती मागची, हे कशावरून ओळखायचे? जाणकार ते वेलांटीवरून, 'शिव' की 'सिव' यावरून, कडेच्या टिंबांवरून ओळखतात. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे मागच्या काळातली. मी घासलेली शिवराई कोणती होती, हे आता कोणालाच सांगता यायचे नाही.

राणीछाप रुपयाचेही तसेच. 1862 हे साल घातलेले रुपये पुढे बारा वर्षे तेच साल घालून पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीत कोणत्या वर्षीचा रुपया ते कळावे म्हणून सालाखाली बारीक टिंबे दिलेली आहेत. टूथपावडर लावून दोन बोटांनी रगडले की ती टिंबे गेलीच म्हणून समजा. आपल्याकडे तोळा म्हणतात तो मुळात रुपयाभार. रुपया बरोबर एक तोळ्याचा. जळगावच्या सराफ पेढीवर गुंजेचा फरक आपण खपवून घेत नाही, आणि घरी मात्र रुपया घासून त्याचे वजन आपल्याच हाताने उतरवतो.

एक मोठे उदाहरण सांगते. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी म्हणून गाव आहे. तेथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. नाणी किती? तेरा हजारांवर! ती नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, तेव्हा ती नाणी त्याने वितळवली नाहीत. त्याच नाण्यांवर आपला छाप मारून घेतला. ठेव्यातील नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर असा दुसरा छाप आहे. वरच्या छापाखाली जुन्या राजाचा चेहरा आणि जुनी अक्षरे अंधूक दिसतात. कोणी कोणाला जिंकले याचा पुरावा त्या अंधूक रेषांत आहे. ती नाणी माझ्यासारखीच्या हाती पडून राखेने घासली गेली असती तर पुरावा मोरीतून वाहून गेला असता.

आता घरातल्या तंट्याकडे येते. माझ्या मुलाला इंजिनियरिंगला जायचे आहे. फीचा आकडा ऐकून आम्ही नवराबायको दोन रात्री झोपलो नाही. तेव्हा मुलाला डबीतला तो जाड रुपया आठवला. त्याचे म्हणणे असे की, तो विकू, पण आधी उजळू. मोबाईलवर त्याने पाहिले होते की गरम पाण्यात सोडा आणि अॅल्युमिनियमचा कागद घालून चांदी बुडवली की काळे निघून जाते. शिवाय चांदी उजळण्याचे बाटलीतले औषधही मिळते. तो म्हणाला, "आई, यात घासायचे नाहीच. नुसते बुडवायचे. मग अक्षर कसे जाईल? आणि काळे नाणे कोण घेणार?"

त्याचे म्हणणे अगदी चुकीचे नव्हते. माझ्या चिंचेपेक्षा त्याची युक्ती शहाणपणाची होती. पण माझ्या बोटांना सासूबाईंचा अंगठा आठवत होता. मी म्हटले, "आधी कोणा जाणत्याला दाखवू. मग तू म्हणशील तसे." त्यावर दोन दिवस अबोला झाला. ह्यांनी मध्ये पडून एका निवृत्त गुरुजींकडे आम्हाला नेले. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद आहे.

गुरुजींनी रुपया बोटांच्या चिमटीत नुसता कडेला धरला. भिंगातून पाहिले, खिडकीशी नेऊन तिरपा धरला आणि म्हणाले, "हा मोगली रुपया. टांकसाळीचे नाव कडेला अर्धेच आले आहे, पण वाचता येते. बुऱ्हाणपूर." रावेरच्या पलीकडचे आपले बुऱ्हाणपूर! खानदेश सुभ्याचे मोठे ठाणे. ज्या शहरात 1631 साली मुमताजमहल वारली, तेच ते. साचा नाण्यापेक्षा मोठा असे, म्हणून प्रत्येक रुपयावर मजकुराचा वेगळा तुकडा येई, असे त्यांनी सांगितले.

मग त्यांनी माझ्या मुलाला भिंग दिले आणि विचारले, "अक्षर तुला कशामुळे दिसते आहे?" मुलाने पाहिले. अक्षराचा उंचवटा झिजून पांढुरका झालेला आणि भोवतीच्या खोलगट भागात काळे भरलेले. त्या काळ्यामुळेच अक्षर उठून दिसत होते. गुरुजी म्हणाले, "औषधात बुडवशील तर अक्षर जागेवरच राहील, पण सगळे सारखे पांढरे झाल्यावर वाचशील कसे? त्या औषधात आम्ल असते, ते वरचा पापुद्राही नेते. सोड्याने कातडे निस्तेज होते. घेणारा जाणकार असेल तर नाणे हातात घेताच ओळखतो की हे उजळलेले आहे, आणि भाव पाडतो. काळे नाणे घ्यायला तो नाही म्हणत नाही." मुलगा गप्प बसला. मीही गप्प बसले, कारण पिशवीत ती घासलेली शिवराई होती आणि ती दाखवायचे मला धैर्य होत नव्हते. शेवटी दाखवली. त्यांनी पाहून एवढेच विचारले, "चिंच की लिंबू?"

मग रसायन कधीच लावू नये काय? तसेही नाही. जमिनीत सापडलेली नाणी कधी एकमेकांना चिकटून गोळा झालेली असतात. ती सोडवल्याशिवाय वाचताच येत नाहीत. तांब्याच्या नाण्यावर कधी फिकट हिरवी, भुसभुशीत पूड सुटते. मीठ आणि ओल यांनी जडणारा तो रोग आहे. तो आतून नाणे खात जातो, आणि तेथे काही न करणे हीच चूक ठरते. पण ते काम शिकलेल्या माणसाचे. सरकारच्या पुरातत्त्व खात्याची त्यासाठी रसायनशाळा आहे. तेथे आधी वजन, मग फोटो, मग भिंगाखाली जरुरीपुरतेच औषध. आपल्या जवळ, नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे, 1980 साली स्थापन झालेली नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. डॉक्टरांचे औषध आपण शेजारणीच्या सांगण्यावरून घेत नाही, तसेच हे.

घरी आपण काय करावे, तेही गुरुजींनी सांगितले. नाणे कडेला धरावे, कारण घामाचा डाग पडतो. तेलकट, चिकट वाटले तर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात काही वेळ ठेवावे आणि मऊ सुती कापडावर नुसते टिपून घ्यावे. पुसू नये, रगडू नये. पूर्ण वाळल्यावर साध्या कागदाच्या पाकिटात एकेक वेगळे ठेवावे. रबर लावू नये, रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी नाण्यावर हिरवट चिकटा येतो. आणि शेतात नांगराला ठेवा लागला तर तो धुवायलाही नको आणि वाटून घ्यायलाही नको. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा कलेक्टरसाहेबांना कळवावा, असा 1878 पासून कायदा आहे.

एक शंका आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मनात असेल. देवापुढे काळे नाणे कसे ठेवायचे? लक्ष्मीला मळके कसे चालेल? मलाही तेच वाटत होते. आता मी असे करते. पूजेला चांदीचे नवे नाणे मांडते. त्याला पंचामृत, हळदकुंकू सगळे होते आणि नंतर ते खुशाल घासते. जुनी नाणी पाकिटासह तबकात शेजारी ठेवते आणि अक्षता वाहते. दही आणि मध त्यांच्या अंगाला लागत नाहीत. यात लक्ष्मीचा अपमान होत असेल असे मला वाटत नाही.

आपल्या धुळ्यात राजवाड्यांच्या नावाने संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली येथेच वारले. घरोघर हिंडून त्यांनी माळ्यावरचे, अडगळीतले जुने कागद मिळवले. ज्या घरांत साफसफाई फार चोख झाली होती, तेथे त्यांना काय मिळाले असेल? कागद पिवळा पडला म्हणून आपण तो धुवून काढत नाही. मग नाण्यालाच तेवढी शिक्षा का?

तो बुऱ्हाणपुरी रुपया विकायचा की ठेवायचा, हे आमच्या घरी अजून ठरलेले नाही. फीच्या पहिल्या हप्त्याची सोय माझ्या पाटल्यांवर झाली आहे. दुसऱ्याच्या वेळी बघू. विकला तरी जसा आहे तसाच विकू, यावर मात्र आता मायलेकांचे एकमत आहे. मुलाने आपल्या हाताने त्याला कागदाचे पाकीट केले आणि वर 'बुऱ्हाणपूर' असे लिहिले.

ही दिवाळी जवळ आली आहे. आपापल्या डब्या उघडाल तेव्हा चिंच भिजत घालण्याआधी नाण्यावरून एकदा बोट फिरवून पाहा. घरात सासूबाई, आजेसासूबाई असतील तर त्यांच्याही हातात द्या आणि ते कोठून आले ते विचारून लिहून ठेवा. मी ते विचारले नाही.