अक्षर, आंकडा आणि कसब

(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांचा इतिहास पूर्वींच्या वक्त्यांनीं मांडलाच आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा मानस नाहीं. या उत्सवाच्या तयारींत जुन्या नोंदवह्या चाळण्याचा योग आम्हांस आला. पहिल्या वर्षाच्या विवाहनोंदींत साक्षीदारांच्या सहीच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं अंगठे उठलेले आहेत. यांत नवल नाहीं. परंतु गेल्या वर्षाच्या पानांवरहि दोन अंगठे आहेत, आणि त्या दोघांस आपण सर्व ओळखतों. त्यांच्यासारख्या बंधुभगिनींविषयींच आज थोडें बोलावयाचें आहे.

प्रथम आमचा स्वतःचा एक दोष कबूल करणें प्राप्त आहे. चार वर्षांपूर्वीं आम्हीं शाळेच्या मागील खोलींत प्रौढांसाठीं रात्रीचा वर्ग उघडला. पहिल्या आठवड्यांत वीस-बावीस माणसें आलीं. पाट्या, तक्ते, दिवे, कशाचीच उणीव नव्हती. तरी उपवासकाळ लागेपर्यंत चारच राहिलीं. लोकांस विद्येची गोडी नाहीं, असा निष्कर्ष आम्हीं काढला. तो मनास बराहि वाटला, कारण त्यांत आमच्याकडे कांहींच दोष येत नव्हता.

पुढें एके सकाळीं बाजारांत, वर्ग सर्वांआधीं सोडून गेलेली एक कोळीण भेटली. आम्हीं कारण विचारलें. ती म्हणाली, “फादर, तुम्ही कमळ शिकवलंत, गवत शिकवलंत. माझ्या टोपलीत बोंबील असतात. बर्फाचे किती, टेम्पोचे किती, उधारी किती, सगळं व्यापाऱ्याच्या वहीत लिहिलेलं असतं, आणि मी खाली अंगठा देते. ती वही वाचायला शिकवाल, तर उद्या येते.”

त्या दिवशीं आम्हीच विद्यार्थी झालों. बालकास पुढें केव्हां तरी उपयोगीं पडेल म्हणून शिकवितां येतें. दिवसभर राबून आलेल्या माणसाजवळ तेवढी सवड नसते. त्यास आजचें अक्षर आजच कामास यावें लागतें. अक्षरज्ञान एका वर्गांत, हिशेब दुसऱ्या वर्गांत आणि धंद्याचें शिक्षण तिसऱ्याच ठिकाणीं, अशी वांटणी केली कीं तिन्हीं अर्धवट राहतात. हीं तीन एकाच धड्यांत आलीं पाहिजेत, एवढेंच आमचें आजचें सांगणें आहे.

दुसऱ्यांदा वर्ग सुरू झाला तो बोंबील, बर्फ, भाडें आणि उधारी या शब्दांनीं. कारखान्यांत जाणाऱ्या तरुणांसाठीं पगाराची चिठ्ठी, जादा कामाचे तास आणि यंत्रावरील धोक्याची सूचना हेंच क्रमिक पुस्तक झालें. शिवणकाम करणाऱ्या भगिनींस छाती, कंबर, उंची हे शब्द आणि टेपवरील इंच एकदमच शिकविले. गिऱ्हाइकाचें माप वहींत लिहिणें, पावती देणें, कपडा कोणत्या दिवशीं मिळेल तें सांगून तो शब्द पाळणें, हेंहि त्याच धड्यांत आलें.

एका भगिनीचा हिशेब सांगतों. ती एका दुकानदारासाठीं ६० रुपये दरानें परकर शिवीत असे. तीन दिवसांत १२ परकर झाले. ७२० रुपये हातीं आले. दोरा व वीज यांचा खर्च दर परकरामागें ८ रुपये, म्हणजे ९६ रुपये. उरले ६२४, दिवसाची मजुरी २०८ रुपये. ही वजाबाकी आणि हा भागाकार तिनें जन्मांत प्रथमच कागदावर मांडला होता. दुसऱ्या दिवशीं तो कागद दाखवून तिनें दर वाढवून मागितला. दर पांचच रुपयांनीं वाढला. परंतु मागणें तिनें हिशेबानें मागितलें, याचनेनें नव्हे.

ही युक्ति आमची नव्हे. कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत फादर जिमी टॉम्पकिन्स व फादर मोझेस कोडी या धर्मगुरूंनीं कोळी व शेतकरी यांच्यांत हेंच कार्य केलें. १९२८ सालीं तेथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठानें लोकशिक्षणाचें खातें काढून तें फादर कोडी यांच्या हातीं दिलें. शेजारीपाजारी लहान लहान मंडळें जमवून आपल्या मासळीचा पैसा कोठें जातो याचा अभ्यास करीत. लिटल डोव्हर या लहानशा गांवच्या कोळ्यांनीं तर शेवंडी डब्यांत भरण्याचा स्वतःचा सहकारी कारखाना उभारला.

आपल्या देशांतहि हा मार्ग नवा नाहीं. मुंबईंत १९६७ सालीं कामगारांसाठीं पहिलें श्रमिक विद्यापीठ निघालें; अशा संस्थांस २००० सालीं जन शिक्षण संस्थान हें नांव मिळालें. सरकारनें २०२२ ते २०२७ या वर्षांसाठीं आंखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमांत, म्हणजेच ‘उल्लास’मध्यें, अक्षरज्ञान व अंकज्ञान यांच्या जोडीस जीवनकौशल्यें व व्यवसायकौशल्यें ठेविलीं आहेत, शिकविण्याचा भार मुख्यतः स्वयंसेवकांवर आहे.

येथें एक इशारा दिला पाहिजे. माणूस केवळ कमाईचें यंत्र नव्हे. युनेस्कोनें १९६७ ते १९७३ या काळांत अकरा देशांत कामाशीं जोडलेल्या साक्षरतेचा प्रयोग केला. केवळ उत्पादन वाढविण्याकडे दृष्टि ठेवणें अपुरें पडतें, हा त्यांतला एक मोठा धडा होता. म्हणून आमच्या वर्गांत हिशेब संपल्यावर मुलाचें पत्र, वर्तमानपत्र किंवा प्रार्थनेचें पुस्तक हातीं घेतात. पोटासाठीं शिकलेलीं अक्षरें मनासहि उपयोगीं पडतात.

आतां आमची विनंति. ही मागील खोली भाड्यानें द्यावी, अशी सूचना आपल्या मंडळापुढें आहे. देवालयाच्या छपरास पैसा लागतो, हें आम्ही जाणतों. सूचना करणाऱ्यांचा हेतु शुद्धच आहे. तरी आठवड्यांतून तीन सायंकाळ ती वर्गास मोकळी राहावी. उत्सवनिधींतून कांहीं शिल्लक उरल्यास दोन शिवणयंत्रें व एक तराजू घ्यावा. आणि आपणांपैकीं जे शिक्षक होते, जे पेढींत वा कचेरींत आहेत, त्यांनीं आठवड्याची एक सायंकाळ द्यावी. आपल्याच वसईंत १९१८ सालीं बेसीन कॅथॉलिक सहकारी बँक स्थापन झाली. पूर्वजांनीं आपणांस पासबुक दिलें. तें प्रत्येकास वाचतां यावें, हें पाहणें आपलें काम आहे.

ती कोळीण आज सभेंत बसली आहे. तिचें ऱ्हस्व-दीर्घ अद्याप चुकतें. पण व्यापाऱ्याची वही पुढें आली कीं ती आधीं बेरीज करते, मग सही करते. शंभराव्या वर्षीं जो धर्मगुरु आपली नोंदवही उघडील, त्यास शेवटचा अंगठा आपल्या पिढीच्या पानावर आढळावा, आणि पुढें सर्व सह्याच दिसाव्या, एवढीच आमची परमेश्वराजवळ प्रार्थना आहे.