सोनोग्राफीत काय दिसतं, काय निसटतं

"रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे बाळ अगदी ठणठणीत ना?" सोनोग्राफी केंद्राबाहेर हा प्रश्न हमखास ऐकू येतो.

पोटावर थंडगार जेल लावून फिरवलेलं यंत्र कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडतं. त्यांच्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटतं. यात क्ष-किरण नसतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या तपासणीत गर्भ गर्भाशयातच आहे ना, जुळं आहे का, दिवस किती गेलेत, हे कळतं. पाळीची तारीख आठवत नसेल तर हाच आधार. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख तितकी भरवशाची नसते. म्हणून पहिला रिपोर्ट फायलीत जपून ठेवा. 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास मेंदू, कणा, हृदयाचे कप्पे, वार कुठे आहे, हे बारकाईने पाहतात.

तरीही हृदयातलं बारीक छिद्र निसटू शकतं. डाऊन सिंड्रोमची फक्त शंका येते. खात्रीसाठी गर्भजलासारखी तपासणी लागते. बाळाला ऐकू येईल का, हे तर कळतच नाही. वजनाचंही तसंच: पडद्यावर तीन किलोचं बाळ काट्यावर पावणेतीन भरतं, त्यात डॉक्टरांची चूक नसते.

आणि मुलगा की मुलगी, हे विचारूच नका. महाराष्ट्राने त्याविरुद्ध 1988 मध्येच कायदा केला, देशाचा कायदा 1994 चा. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद त्यामुळेच ठेवावी लागते. तेव्हा फॉर्म भरताना वैतागू नका.