तिकिटाच्या तळाची ओळ



निमंत्रणपत्रिकेत माझा विषय ‘टपालाची तिकिटे आणि कायदा’ असा छापला आहे, आणि चिटणिसांच्या भिडेखातर मी तो नाकारीत नाही. परंतु ज्या एका आग्रहापायी माझ्या स्नेह्यांनी माझ्याशी तिकिटांविषयी बोलणेच सोडले आहे, तो आग्रह इतक्या भरल्या सभेपुढे मांडण्याची संधी मी दवडणार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. (हशा) माझे म्हणणे असे की, प्रत्येक तिकिटाच्या तळाशी, ते चित्र रंगविणाराचे, मूर्ती घडविणाराचे, छायाचित्र टिपणाराचे नाव छापलेच पाहिजे. १८४० साली इंग्लंडात पहिले तिकीट निघाले, टपालाचा दर एका पेनीवर आला, ही हकीकत आपण सर्व जाणताच. इतकेच म्हणतो की, त्यावरील राणीचे मुख विल्यम वायन याने कोरलेल्या पदकावरून घेतलेले होते आणि वायनचे नाव त्यावर कोठेही नव्हते. शिरस्ता पडला तो तेथूनच.

या शिरस्त्याची किंमत अमेरिकेच्या टपालखात्याने पुढे रोख मोजली. वॉशिंग्टन येथील कोरियन युद्धाच्या स्मारकात, पावसाळी अंगरखे पांघरून गस्तीला निघालेले १९ सैनिक फ्रँक गेलॉर्ड या शिल्पकाराने न गंजणाऱ्या पोलादात उभे केले. १९९५ साली त्या स्मारकाचे अनावरण झाले. पुढच्याच वर्षीच्या जानेवारीत, मोठा बर्फ पडलेला असता, जॉन ॲली या माजी सैनिकाने त्यांचे छायाचित्र घेतले, आणि तेही त्याच युद्धात लढलेल्या आपल्या वडिलांना निवृत्तीप्रसंगी भेट द्यावे म्हणून. युद्धविरामाला ५० वर्षे झाली तेव्हा, २००३ साली, ३७ सेंटांच्या तिकिटासाठी खात्याने हेच छायाचित्र निवडले, ॲली यांना १,५०० डॉलर मेहनताना दिला आणि परवानगीचे प्रकरण निकालात निघाले असे मानून दप्तर बांधले. ज्याने ते सैनिक घडविले, त्याला मात्र कोणी विचारले नाही.

२००६ साली गेलॉर्ड यांनी थेट सरकारवर फिर्याद लावली. पहिल्या न्यायालयाचा कौल असा पडला की, बर्फामुळे आणि फिक्या प्रकाशामुळे मूळ शिल्पाला निराळेच रूप आले आहे, सबब हा वापर न्याय्य होय. वरिष्ठ न्यायालयाने २०१० साली तो कौल फिरविताना जे म्हटले त्याचा आशय मला फार आवडतो, तो हा की, बर्फ पाडला निसर्गाने, तेव्हा त्यापायी शिल्पकाराचा हक्क का बुडावा? (टाळ्या) नुकसानभरपाई आधी अवघी ५,००० डॉलर ठरली होती. ती अपिलात रद्द होऊन अखेर सुमारे ६ लाख ८५ हजारांवर गेली. या हिशेबाचे मर्म असे की, पाकिटाला चिकटविलेल्या तिकिटापोटी खात्याला पत्र वाहून न्यावे लागते, परंतु संग्राहकाने वहीत जपून ठेवलेले तिकीट जवळजवळ निव्वळ नफाच असते. आणि तो नफा तर कलावंताच्या हाताचा. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर आपण सरकारला किती दान केले ते मोजून पाहावे. (हशा)

दुसरे प्रकरण दोन वाक्यांत सांगण्याचे मी योजले होते. पण ते दोन वाक्यांत मावणारे नाही. २०१० साली टपालखात्याने स्वातंत्र्यदेवतेचे तिकीट काढले. ते विकत घेतलेल्या एका छायाचित्रावरून काढले, त्यासाठीही १,५०० डॉलरच मोजले, आणि मग तिकिटे जमविणाऱ्यांच्या चाणाक्ष नजरेला असे आढळले की, ही देवता न्यूयॉर्कच्या बंदरातली नव्हेच, तर लास वेगासच्या एका जुगारी हॉटेलापुढे उभी असलेली तिची प्रतिकृती आहे! तिचा शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन. प्रतिकृतीवर कसला आला हक्क, असा खात्याचा बचाव. त्यावर डेव्हिडसन यांची कैफियत अशी की, मूळ मूर्तीचा करडा चेहरा आपण मुद्दाम सौम्य केला, आणि त्यासाठी प्रेरणा घेतली ती पत्नीच्या मातोश्रींच्या छायाचित्रावरून. (मोठा हशा) आपण हसता. परंतु सासूबाईंच्या मुखावर सौम्यता दिसणे हीच ज्याची स्वतंत्र प्रतिभा, त्याचा हक्क कोणते न्यायालय नाकारील? (पुन्हा हशा) २०१८ साली न्यायालयाने तो मान्य केला आणि, न वापरलेल्या तिकिटांच्या सुमारे ७ कोटी डॉलर नफ्यावर ५ टक्के धरून, साडेतीन दशलक्ष डॉलर देवविले. घोटाळा उघडकीस आल्यावरही खात्याने विक्री चालूच ठेवली होती, ही गोष्ट खात्याला भोवली.

आता पुढच्या रांगेतून वकीलसाहेब बोट वर करीत आहेत, आणि ते काय म्हणणार ते मी जाणतो. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करणे हा अपराधच नव्हे. तेव्हा गेलॉर्ड येथे असते तर रिकाम्या हाताने परतले असते. मान्य आहे. परंतु त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने, हक्क विकून टाकल्यानंतरही, कृती आपली आहे असे म्हणण्याचा अधिकार कर्त्यापाशी ठेवला आहे; विज्ञानभवनातले भित्तिशिल्प सरकारने उखडले तेव्हा ते घडविणाऱ्या अमरनाथ सहगल यांना दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००५ साली न्याय दिला तो याच कलमाच्या आधारे. मी पैशाचे बोलतच नाही. मी नावाचे बोलतो आहे. फ्रान्समध्ये चित्रकाराचे आणि कोरक्याचे नाव तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापण्याची जुनी वहिवाट आहे आणि त्यामुळे तेथील टपाल काही खोळंबलेले नाही. मग १९२६ पासून तिकिटे छापणाऱ्या आपल्या नाशिकरोडच्या छापखान्याला ती ओळ का जड व्हावी? आणि ती ओळ केवळ शोभेची नव्हे: ‘शिल्पकार’ या शब्दापुढची जागा भरल्यावाचून नमुना मंजूरच होणार नाही असा हुकूम असता, तर वॉशिंग्टनच्या कारकुनाला कोणालातरी विचारावेच लागले असते.

वकीलसाहेब म्हणतात, लास वेगासच्या तिकिटावर त्या कारकुनाने बेधडक मूळ मूर्तीच्या शिल्पकाराचे, बार्थोल्दीचे नाव छापले असते. (हशा) छापले असते, यात शंका नाही! परंतु चुकीचे नाव कोणीतरी पाहतो, हरकत घेतो, आणि ते दुरुस्त होते. कोरी जागा दुरुस्त करा म्हणून अर्ज कोणी करावा?

चिटणिसांची चिठ्ठी आली आहे, ‘पाच मिनिटे’. आणि ही दुसरी, ‘दोन’. राजा रविवर्मा यांचा छापखाना, त्यांच्या चित्रांच्या घरोघरी लागलेल्या नकला आणि १९७१ साली टपालखात्याने काढलेले त्यांच्या दमयंतीचे तिकीट हा माझ्या व्याख्यानाचा खरा गाभा होता. तो आता राहिला. तेव्हा मागणी तेवढी नोंदवून बसतो: छायाचित्र टिपणारा आणि छायाचित्रात जे दिसते ते घडविणारा, दोघांनाही विचारा आणि दोघांचीही नावे छापा. सरकारला हे पटण्यास अवधी लागेल. पण या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर जे सुरेख वासंतिक चित्र आहे त्याखाली कोणाचेच नाव नाही, आणि कार्यकारी मंडळाची सभा, मला वाटते, पुढच्याच आठवड्यात आहे. (हशा आणि टाळ्या)