इंजिनाची काजळी आणि कामगाराचा अर्धा तास



वसंत ऋतूत व्याख्याने भरवण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास झाला, वेदान्त झाला, अर्थशास्त्र झाले. यंदा आपल्या चिटणिसांनी ट्रक-कामगारांत काम करणाऱ्या माणसाला बोलावले आणि विषय विचारला. मी म्हणालो, "काजळी." त्यांना वाटले, मी समाजाच्या मनावरील काजळीविषयी बोलणार! तसे बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ती डिझेल ट्रकच्या इंजिनात साचणारी खरीखुरी काजळी. गॅरेजात तिला कार्बन म्हणतात.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. चौदाव्या वर्षी मी एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. एकदा इंजिनाचे हेड खोलले, तेव्हा मिस्त्रींनी माझ्या हाती पत्र्याची पट्टी दिली आणि पिस्टनवरचा कार्बन खरवडायला बसवले. दुपारपर्यंत खरवडत होतो. थुंकलो तर थुंकीही काळी. मी विचारले, "मिस्त्री, हा येतो कुठून?" मिस्त्री म्हणाले, "येतो म्हणजे येतोच. इंजिन आहे, देव्हारा नव्हे." त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. पुढे रात्री नगरवाचनालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून, इंजिनाची पुस्तके अडखळत वाचली. आजचे माझे भाषण म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना कंदील आठवत असेल. दिवेलागणीच्या आधी आई काच उतरवी, राखेने पुसे, वात कातरून सारखी करी. वात वाकडी राहिली किंवा खालची जाळी धुळीने बुजली, की काच घटकेत काळी होई. रॉकेल तेच, कंदील तोच. पण हवा कमी पडली, की जळण्याऐवजी ते धुपते. धुपलेल्या इंधनाचा जो भाग जळायचा राहिला, ती काजळी. म्हणजे काजळी हा जळण्याचा परिणाम नव्हे, तर अर्धवट जळण्याचा परिणाम आहे. एवढे एक वाक्य आपण घरी नेलेत, तरी माझे येणे सार्थकी लागले.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. त्याच्या इंजिनात ठिणगी नाही. नुसती हवा आत घेऊन ती मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तोच प्रकार. पण इथे हवा ५०० अंशांच्या वर तापते. त्या तापल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा सोडते आणि तो आपोआप पेटतो. प्रत्येक थेंबाला क्षणार्धात आपल्या वाटणीची हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली पाहिजे. ज्या थेंबाला ती मिळाली नाही, त्याची काजळी होते.

तेव्हा कारणे मोजकीच आहेत. पहिले, हवा कमी. एअर फिल्टर धुळीने बुजला किंवा टर्बोचा होज फाटला, की इंजिनाचा श्वास कोंडतो. दुसरे, फवारा वाईट. नोझल झिजले, की फवाऱ्याऐवजी थेंब गळतो. तिसरे, उष्णता कमी. गाडी तासन् तास उभ्याउभ्या चालू ठेवली, की इंजिन पुरते तापत नाही आणि डिझेल धुपत राहते. चौथे, इंजिनाचे ऑईल वर चढून जळणे. आणि पाचवे, हवेच्या मानाने डिझेल जास्त. बारा टनांच्या गाडीत अठरा टन भरायचे, मग ती चढावर ओढत नाही म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचे! गाडी ओढते खरी, पण मागे काळा पडदा सोडत जाते.

एकदा काजळी बसली, की ती सावकारी व्याजासारखी वाढते. नोझलच्या तोंडाशी बसलेला कार्बन फवारा बिघडवतो, बिघडलेल्या फवाऱ्याने आणखी कार्बन होतो. पिस्टनच्या खाचांत तो शिरला, की रिंगा चिकटतात. मग जळका वायू खाली ऑईलमध्ये उतरतो आणि ऑईल वर चढते. ऑईल घट्ट होते, रिंगा अधिकच चिकटतात. शेवटी इंजिन धरते आणि ट्रक घाटात आडवा उभा राहतो.

आता एक प्रसंग सांगतो. १९९९ सालची गोष्ट. आमच्या एका सभासदाची गाडी खंबाटकीच्या घाटात इंजिन धरून उभी राहिली. मालकाने ठरवले, ड्रायव्हरने पाणी न पाहता गाडी रेटली. दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून कापायचा. त्या काळी तो खर्च म्हणजे त्या माणसाचा वर्षभराचा संसार. घरी दोन मुली शाळेत जाणाऱ्या. आम्ही मोर्चा काढला नाही. आम्ही एवढेच म्हटले, "हेड आमच्या आणि तुमच्या समोर खोला."

खोलले. मिस्त्री, मालक, ड्रायव्हर आणि मी, असे चौघे त्या सहा पिस्टनांवर वाकलो. मंडळी, उघडलेले इंजिन हे कागदपत्रासारखे असते, वाचता आले पाहिजे. चौथ्या पिस्टनच्या माथ्यावर एकाच जागी जळल्याचा खड्डा होता. तिथले नोझल गळत होते. रिंगा खाचांत अशा बसलेल्या, की जणू ओतकाम करून घातल्या आहेत. एअर फिल्टर झटकला तर मूठभर माती पडली. मग ड्रायव्हरने खिशातून छोटी वही काढली. तिच्यात तीन वेगवेगळ्या तारखांना लिहिलेले होते : "धूर काळा. फिल्टर बदलणे. मालकांस सांगितले." मालक काही बोलले नाहीत.

मी मनातून खूश झालो, हे लपवत नाही. पण मिस्त्री प्रामाणिक माणूस. ते ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "नुसत्या फिल्टरने एवढा कार्बन होत नाही बाबा. खरे सांग." तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितले. रात्री केबिनमधल्या पंख्यासाठी तो गाडी चालूच ठेवीत असे. आणि ठरलेल्या डिझेलमधून जे वाचेल ते ड्रायव्हरचे, असा रिवाज असल्यामुळे घाटातसुद्धा वरच्याच गिअरमध्ये रेटीत असे. इंजिन कण्हत होते, धूर ओकत होते, आणि त्याला वाटत होते डिझेल वाचते आहे!

त्या दिवशी मी एक धडा शिकलो. काजळी कोणाचा पक्ष घेत नाही. तिने मालकाची कंजुषी सांगितली, तशी आमची चूकही सांगितली. समझोता झाला : पगारातली कपात रद्द, डिझेल वाचवण्याचा तो रिवाज बंद, आणि रोज गाडी निघण्यापूर्वी अर्धा तास निगेसाठी, तोही पगारी. उलट आम्ही कबूल केले, की उभी गाडी विनाकारण चालू ठेवणार नाही आणि वही रोज लिहू.

त्या अर्ध्या तासात काय करायचे? फार मोठे शास्त्र नाही. ऑईलची पट्टी पाहावी. डिझेल फिल्टरच्या तळचा बोल्ट सैल करून साचलेले पाणी काढावे. एअर फिल्टरचा इशारा पाहावा, होजच्या पट्ट्या हाताने दाबून पाहाव्यात. मग गाडी चालू करून धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑईल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही जात नसेल, तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. वैद्य नाडी पाहतो, ड्रायव्हरने धूर पाहावा.

काही गोष्टी मात्र करू नयेत. स्टोव्हला पिन घालण्याची आपली जुनी सवय; ती नोझलवर चालवू नये. जुन्या गाड्यांतही नोझल हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबाने उघडते. नव्या कॉमन रेल इंजिनांत तो दाब १,५०० पटींच्याही वर जातो. त्याच्या छिद्राला तार लावली, की फवारा कायमचा बिघडला. ते काम पंपाच्या कारखान्यात, यंत्रावर तपासूनच व्हावे. ऑईल काळे झाले म्हणून घाबरू नये. काजळी आपल्यात धरून ठेवणे हेच चांगल्या ऑईलचे काम. पण ठरलेल्या किलोमीटरांना ते, फिल्टरसह, बदललेच पाहिजे, आणि इंजिन गरम असताना काढले पाहिजे, म्हणजे गाळही त्याबरोबर निघतो. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. टर्बो लाल तापलेला असतो, त्यातले ऑईल जागीच जळून कोळसा होते. दोन-तीन मिनिटे शांतपणे चालू द्यावे. दोन-तीन मिनिटे म्हणतो आहे, दोन-तीन तास नव्हे!

कोणी म्हणतील, हे जुन्या गाड्यांचे रडगाणे. आता नव्या गाड्या आल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा लागू झाले. डिझेलमधील गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आले. गाडीच्या मागे काजळी अडवणारी गाळणी आली. चांगलेच झाले. पण ही गाळणी काजळी नाहीशी करीत नाही, साठवते. आणि मग ५५० ते ६०० अंशांच्या उष्णतेने जाळून टाकते. मोकळ्या रस्त्यावर गाडी धावली, की हे आपोआप होते. बंदराच्या दारात किंवा बाजार समितीच्या रांगेत दिवसभर सरकणाऱ्या गाडीत ते होत नाही. मग समोर दिवा लागतो. ड्रायव्हरने सुरक्षित जागी थांबून, बटण दाबून, अर्धा-पाऊण तास गाळणी जाळून घ्यावी असा त्याचा अर्थ. पण तिकडून फोन येतो, "थांबलास कशाला? माल पोचव आधी." तो बिचारा दिवा पाहत पुढे जातो. शेवटी इंजिन स्वतःच आपली ताकद कमी करते आणि गाडी गोगलगाय होते. काही ठिकाणी मग गाळणी आतून पोकळच करून टाकतात. हा कायद्याने गुन्हा आहे आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीशी बेइमानी आहे. शिवाय अशा गाडीला स्वस्त ऑईल चालत नाही. त्याची राख गाळणीत बसते, आणि काजळी जळते तशी राख जळत नाही.

२०२५ साली नव्याने बनणाऱ्या जड मालगाड्यांची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. ड्रायव्हरला गारवा मिळालाच पाहिजे, त्यासाठी आम्ही भांडलो आहोत. पण तो गारवा उभ्या गाडीचे इंजिन रात्रभर चालवून मिळवायचा असेल, तर खंबाटकीचीच गोष्ट पुन्हा घडेल. यावर उपाय ट्रकच्या तळावर आहे : सावली, पाणी, झोपायला स्वच्छ जागा आणि रांगेचा ठरलेला वेळ. इंजिनाची काजळी अशी तळाच्या व्यवस्थेपर्यंत जाऊन पोचते.

आता कायद्याचे दोन शब्द. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास आणि आठवड्याचे ४८ तास ठरवले होते. आणि गाडीची निगा व दुरुस्ती हे पूरक काम म्हणून कामाच्याच तासांत धरले होते. कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती : निगा हे काम आहे, उपकार नव्हे. पण पाचापेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्याला तो लागू नव्हता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक ठायी ठायी आहेत. पुढे २०२० च्या संहितेत तो कायदा सामावला गेला. कायद्याचे नाव बदलले तरी चालेल. निगेचा अर्धा तास पगारी वेळेतून गळता कामा नये. कारण जो वेळ कोणाच्याच हिशेबात नसतो, तो कोणीच देत नाही, आणि जिथे वेळ दिला जात नाही तिथे काजळी बसते.

शेवटी छातीविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणारा आहे असे निश्चित करून त्याला पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. इंजिनाचे हेड खोलता येते. पिस्टन खरवडता येतो. माणसाची छाती खोलून खरवडता येत नाही. ज्या चौदा वर्षांच्या मुलाने दिवसभर कार्बन खरवडला, त्याला कोणी तोंडाला फडके बांधायलाही सांगितले नाही. आज माझी आपल्याला विनंती आहे, की कोणाच्याही गॅरेजात असा मुलगा दिसला, तर आधी त्याच्या हातची पट्टी काढून घ्या आणि त्याला शाळेत पाठवा. आणि ज्या मोठ्या माणसाच्या हाती ती द्याल, त्याला तोंडावरची पट्टीही द्या.

१० जून १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. त्यासाठी त्यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. मी सुट्टी मागत नाही. मी रोजचा अर्धा तास मागतो आहे, माणसासाठी आणि यंत्रासाठी मिळून. त्यात मालकाचे इंजिन वाचते, ड्रायव्हरचा पगार वाचतो आणि रस्त्याकडेच्या घरातल्या मुलाचा श्वास वाचतो. आई रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसायची, म्हणून आम्हाला अक्षरे दिसली. तेवढीच गोष्ट मी मोठ्या यंत्राविषयी सांगितली.