तालुक्याचा क्रीडावार्ताहर

महाड-पोलादपूरच्या क्रीडावार्ताहराची पहिली स्पर्धा घड्याळाशी असते. प्रकाशझोतातील कबड्डीचा अंतिम सामना मध्यरात्री संपावा, तर अंक छपाईला गेलेला असतो. शिवाय तालुक्याचा वार्ताहर केवळ क्रीडेचा नसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड पुराने वेढले, तळीये व केवनाळे येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी मैदान मागे पडणे साहजिकच होय. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाल्यापासून खेळाची कीर्ती वाढली. तथापि डोंगरवाडीतील चढाईपटूचे नाव टिपणारा हाच एक वार्ताहर असतो. त्याने ते वगळले, तर त्या श्रमांची नोंदच राहत नाही. म्हणून उशिरा का होईना, पण अचूक नावानिशी वृत्त देणे, हेच त्याचे खरे कर्तव्य होय.